रेवूची वाटी आणि मुंगीचा दाणा

रोजच्यासारखी सकाळ होती. अंगणात दव पडलं होतं. मुंगी उंबऱ्यावरून चालली होती. तुरू तुरू तुरू.

तेवढ्यात घरात बातमी आली. मामा आला. आज रेवूचं उष्टावण.

रेवू अगदी छोटं बाळ. ती नुसतं दूध प्यायची. आज ती पहिल्यांदा खीर खाणार होती. तांदळाची खीर. मामाच्या हातून.

आईनं मुंगीला सांगितलं, पहिला सांडलेला दाणा तुझा.

मामानं चांदीची वाटी आणली होती. ती हातातून निसटली. टण्ण! गरगर गरगर. गेली मोरीजवळच्या चिखलात.

मामानं ती उचलली. उपरण्यानं खसाखसा पुसली. म्हणाला, झाली की स्वच्छ.

आई म्हणाली, दादा, त्याच उपरण्यानं मघाशी घाम पुसलास ना?

मामानं वाटी आईकडे दिली.

आईनं वाटी घासली. आईनं वाटी धुतली. मग म्हणाली, "उकळल्याशिवाय वाटीत खीर नाही."

मुंगी गेली पाण्याकडे. तुरू तुरू तुरू.

"पाण्या, पाण्या, तापशील का?
वाटी उकळेना, रेवू जेवेना, मला दाणा मिळेना."

पाणी म्हणालं, "मी गारेगार. चूल पेटेल, तर मी तापेन." डुबुक.

मुंगी गेली चुलीकडे. तुरू तुरू तुरू.

"चूलबाई, चूलबाई, पेटशील का?
पाणी तापेना, वाटी उकळेना, रेवू जेवेना, मला दाणा मिळेना."

चूल म्हणाली, "माझं पोट रिकामं. काटकी वाळेल, तर मी पेटेन."

मुंगी गेली काटकीकडे. तुरू तुरू तुरू.

"काटकीताई, काटकीताई, वाळशील का?
चूल पेटेना, पाणी तापेना, वाटी उकळेना, रेवू जेवेना, मला दाणा मिळेना."

काटकी म्हणाली, "मी दवानं भिजले. ऊन पडेल, तर मी वाळेन."

मुंगी चढली शेवग्यावर. वर, वर, अगदी शेंड्यावर. तिनं वर पाहिलं. आभाळ केवढं मोठं. मुंगी केवढीशी. तरी ती बोलली.

"सूर्यदेवा, सूर्यदेवा, ऊन देशील का?
काटकी वाळेना, चूल पेटेना, पाणी तापेना, वाटी उकळेना, रेवू जेवेना, मला दाणा मिळेना."

सूर्य म्हणाला, "माझ्यापुढे ढग. वारा वाहील, तर ऊन पडेल."

वारा तिथंच पानांत लोळत होता. सूं सूं सूं.

"वारादादा, वारादादा, वाहशील का?
ऊन पडेना, काटकी वाळेना, चूल पेटेना, पाणी तापेना, वाटी उकळेना, रेवू जेवेना, मला दाणा मिळेना."

वारा म्हणाला, "एवढीशी तू, आणि मला कामं सांगतेस? मी कुणाचं ऐकत नाही." मग म्हणाला, "रेवू कोण?"

"बाळ आहे. आज पहिल्यांदा जेवणार."

वारा थांबला. एक पानही हललं नाही. त्यानं डोंगर पाहिले होते. समुद्र पाहिला होता. पहिला घास कधी पाहिला नव्हता.

"मी बघायला आलो तर चालेल?"

"चालेल. पण हळू ये."

वारा वाहिला, ढग सरला. ऊन पडलं. काटकी वाळली. चूल पेटली. पाणी तापलं. बुड बुड बुड बुड. वाटी पाण्यात नाचली. पांढरी वाफ वर वर गेली. मुंगी बघतच राहिली.

उष्टावणाची खीर मामा अंगठीनं चाटवतो. आईनं त्याच्या बोटातली अंगठीही काढून घेतली. टाकली उकळत्या पाण्यात. बुड बुड बुड बुड.

मग चिमट्यानं दोन्ही बाहेर काढली. मामानं पुसायला उपरणं पुढं केलं. आईनं नुसतं त्याच्याकडे पाहिलं. मामानं उपरणं मागं घेतलं.

वाटी वाऱ्यावर वाळली. लख्ख. कोरी. आभाळ दिसेल अशी.

वाटीत खीर आली. ऊन दारात थांबलं. वारा खिडकीत थांबला. मामानं अंगठी खिरीत बुडवून रेवूपुढे धरली.

रेवूनं तोंड उघडलं. ओठ हलले. भुवया वर गेल्या. डोळे मोठे मोठे झाले.

सगळे पुढं झुकले.

मग रेवू हसली. हनुवटीवरून एक दाणा घसरला. टप्प.

"घे गं मुंगे," आई हळूच म्हणाली, "हा तुझा."

मुंगीनं दाणा उचलला. पांढरा, गोड, कोमट दाणा. तो घेऊन ती रेवूकडे बघत बसली.

दाणा तिनं अजून खाल्लेला नाही.