आग्यामोहळाचे चैत्य

धारणपूरच्या डोंगरात एक जुने बौद्ध चैत्य आहे. त्याच्या कमानीखाली आग्यामाश्यांची सात पोळी लटकतात, एकेक सुपाएवढे. चैत्रात पांगारा फुलला की पाहुणे येऊ लागतात, आणि पायथ्याशी बसलेले कोंडाजीबाबा प्रत्येकाला हटकतात, "काय बोलायचं ते इथंच बोलून घ्या. वर शब्द नाही." कारण विचारले की ते ही हकीकत सांगतात.

फार पूर्वी इथे धम्मसिरी नावाची म्हातारी भिक्खुणी राहत असे. दर चैत्रात लोक मधासाठी पोळी जाळायला येत, आणि दर चैत्रात ती वाट अडवून उभी राही. पोळ्यांना धूर लागू द्यायचा नाही, असे तिचे व्रत होते म्हणे.

एका चैत्रात नगरावर शत्रूची धाड आली. भर दुपारी घरे पेटली. बायकामुले डोंगराकडे धावली. त्यांत सिवणिका नावाची माळीण होती, उराशी तीन महिन्यांची लेक घेऊन. चैत्यात शिरून सगळी जणे स्तूपाच्या आडोशाला दाटीवाटीने बसली. खाली पायऱ्यांवर घोड्यांच्या टापा वाजल्या, आणि नेमकी तेव्हाच पोर रडू लागली.

सगळ्यांचे डोळे सिवणिकेकडे वळले. ते डोळे काय मागत होते ते तिला कळले. तळवा तिने पोरीच्या तोंडावर दाबला. रडणे थांबले. इवलेसे पाय झाडू लागले, मग तेही मंदावले.

धम्मसिरीने तिचा हात ओढून काढला. "तोंड दाबू नकोस, बाई. तिला रडू दे. मी जाते बाहेर."

पोरीने टाहो फोडला. म्हातारीने बाहेर जाऊन सागवानी दार ओढून घेतले आणि उंबऱ्याशी मांडी घातली; आतून बायांनी अडसर सरकवला. सैनिक आले. दार उघडेना, म्हणून त्यांनी दाराला मशाली लावल्या. धूर कमानीत चढला, आणि सातही पोळी एकदम उठली, असे सांगतात.

बाहेरच्या किंकाळ्या आत ऐकू येत होत्या. पायऱ्यांवरून माणसे गडगडत गेली. मग कमानीतल्या लाकडी जाळीतून माश्या आत आल्या. भिंती काळ्या झाल्या. त्या अंगाखांद्यावर बसल्या, केसांत शिरल्या. सिवणिकेच्या पापणीवरून एक माशी चालत गेली. लेकीच्या गालावर, ओठांवर माश्या होत्या. पोर टकमक पाहत होती. तिने ओठ हलवला तर? सिवणिकेला ओरडावेसे वाटले. तिने तोच तळवा उचलला आणि हळूहळू स्वतःच्या तोंडावर ठेवला.

दिवस कलला तेव्हा माश्या उठून गेल्या. आत कुणालाही एक नांगी लागली नव्हती.

बायांनी अडसर काढून दार उघडले. धम्मसिरी तशीच बसलेली होती. तिचा चेहरा ओळखू येत नव्हता.

आजही धारणपूरच्या बाया चैत्रात ती चढण चढतात ती स्वतःच्या तोंडावर हात ठेवून. वाटेत एखादे मूल रडले तर त्याला कोणी गप्प करत नाही. सगळी रांग आहे तिथे थांबते. वर माश्या गुणगुणत असतात. तरी मूल आपले आपण शांत होईपर्यंत कोणी पाऊल उचलत नाही.