ओढ्यातला आडवा

“पण त्यानं भांडण मिटतं का, बाबा?”

“न्हाई.”

“निदान कमी तरी होतं?”

“न्हाई… कधी कधी वाढतंय.”

“मग तुम्ही तिथं उभं राहून करता तरी काय?”

दस्तगीरबाबा गुडघ्याला तेल चोळत होते. वर न बघताच म्हणाले, “भिजतो.”

अच्युतराव खांबेटे त्यांच्यासमोर ओढ्याकाठच्या कट्ट्यावर बसले होते.

सारी हयात त्यांनी कॉलेजात राज्यशास्त्र शिकवलं होतं. देशादेशांच्या, टोळ्याटोळ्यांच्या भांडणात मध्ये जाऊन उभ्या राहणाऱ्या निळ्या टोपीच्या शांतिसेनेवर जाडजूड ग्रंथ लिहिला होता. जगानं अशी सेना पोसलीच पाहिजे, असं त्याच्या शेवटच्या पानावर ठणकावून सांगितलं होतं. त्या ग्रंथात ‘भिजणे’ हा शब्द कुठंही नव्हता.

त्यांच्या मुलानं, निरंजननं, तो ग्रंथ वाचला नव्हता. पण जेवताना, फिरायला जाताना बापाच्या तोंडून त्यानं सगळं ऐकलं होतं. तो सैन्यात गेला, मेजर झाला आणि निळी टोपी घालून आफ्रिकेतल्या एका देशात दोन टोळ्यांच्या मध्ये उभा राहिला.

आता त्याची मुदत संपत आली होती. परवा फोनवर म्हणाला, “अण्णा, इथले लोक आणखी वर्षभर राहा म्हणतायत. राहू, का परत येऊ? तुम्ही सांगाल तसं.”

आज दुपारी तो पुन्हा फोन करणार होता.

अच्युतरावांच्या ओठांवर ‘ये’ हा शब्द येऊन थांबला होता. एवढासा शब्द, पण गिळवत नव्हता आणि बोलवतही नव्हता. या फकिराबद्दल कुणीतरी सांगितलं, म्हणून ते पहाटेच्या एसटीनं बालाघाटातल्या या ओढ्याकाठी आले होते.

“मी साधा प्रश्न घेऊन आलोय, बाबा. असं मध्ये उभं राहण्याचा काही उपयोग असेल, तर मी मुलाला राहा म्हणेन. नसेल, तर…”

“तर?”

“तर मला तो घरी हवा आहे.”

“आन् उपयोग असंल, तर नको हाय?”

 बाबांनी त्यांच्यापुढं चहा सरकवला. “प्या मास्तर. निवतोय.”

“मी प्राध्यापक होतो.”

“तेच ते.”

ओढ्याच्या अलीकडे निंबळे, पलीकडे खोरवाडी. पूर्वी या गावच्या लेकी त्या गावात दिलेल्या, त्या गावच्या या गावात. मग बंधाऱ्याच्या पाण्यावरून एकदा कुऱ्हाडी निघाल्या. दोन्हीकडची माणसं मेली. सोयरीक तुटली, बोलणं तुटलं. नांदायला गेलेल्या लेकी होत्या तिथंच राहिल्या. ओढ्यापलीकडं माहेर दिसायचं, चुलीचा धूरसुद्धा ओळखू यायचा. जाता मात्र येत नव्हतं.

वर्षातून एकच दिवस दोन्ही गावं ओढ्यावर यायची. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, करीला. त्या दिवशी दोन्ही काठांवर बायका उभ्या राहून एकमेकींना जीव खाऊन शिव्या द्यायच्या. त्यांच्या मागं पुरुष, काखेत गोफणी. आणि मधोमध गुडघाभर पाण्यात एक माणूस, या दोन्हींतल्या कुठल्याच गावचा नसलेला. त्यानं इकडचं कुणी तिकडं जाऊ द्यायचं नाही, तिकडचं इकडं येऊ द्यायचं नाही. त्याला ‘आडवा’ म्हणत.

“जो उभा राहतो, त्याला आडवा म्हणतात?” अच्युतरावांनी विचारलं होतं.

“उभा ऱ्हातो म्हणूनच.”

बाबांच्या आधी त्यांचे उस्ताद आडवे होते.

“उस्तादांच्या टायमाला एका साली दगड चालले,” बाबा म्हणाले. “एक बाई गेली. उस्ताद मध्येच उभे होते.”

“मग त्यांच्या उभं राहण्याचा काय उपयोग झाला?”

“त्येंनी बी मला हेच विचारलं. लई दिवस विचारत होते.”

“आणि?”

“पुढच्या करीला पुन्हा उभे राहिले.”

“का?”

बाबांनी कान टवकारले. लांब कुठंतरी हलगी वाजायला लागली होती.

“बरं, तुम्हाला मध्ये उभं कोण करतं?” अच्युतराव प्रश्न सोडायला तयार नव्हते.

“दोन्ही गावचे पाटील. एकानं जरी मान हलवली, की मी घरी.”

“आणि पोरांना गोफणी कोण देतं?”

“पाटीलच की.”

अच्युतराव हसले. बऱ्याच दिवसांनी हसले. “आमच्याकडंही हेच आहे, बाबा. तिथं तर पाच देशांचे पाच पाटील आहेत. पाचांतल्या एकानं नाही म्हटलं, की संपलं.”

“पाच!” बाबांना खरंच कीव आली. “मग पोराला जेवाण तरी वक्तावर घालतात का?”

हलगी जवळ आली. दोन्ही काठ लुगड्यांनी भरायला लागले. बाबा भिंतीला धरून उठले आणि तसेच खाली बसले. गुडघा सुजून भोपळ्याएवढा झाला होता.

त्यांनी ओढ्याकडे बघितलं, मग अच्युतरावांकडे.

“मास्तर, निंबळ्यात कुणी सोयरं तुमचं?”

“नाही.”

“खोरवाडीत?”

“कुणीच नाही.”

“मग वहाणा काढा.”

“मी? अहो, मला यातलं काही येत नाही!”

“मला तरी कुठं येतंय? उभं ऱ्हाता येतं न्हवं?”

“काठी वगैरे?”

“न्हाई.”

“बोलायचं काय?”

“काय बी न्हाई.”

“मग मी करायचं काय तिथं?” असं विचारता विचारताच अच्युतरावांना बाबांचं मघाचं उत्तर आठवलं, आणि त्यांनी धोतर वर खोचलं.

रेंज त्या कट्ट्यावरच काय ती येत होती. त्यांनी फोन बाबांच्या हातात दिला. “वाजला की लगेच हाक मारा. काही झालं तरी मी येतो.”

“बरं.”

पाणी गार होतं. तळाचे गोटे पायाखाली सरकत होते.

“ह्यो कोण?” पलीकडून खोरवाडीच्या पाटलानं विचारलं.

“परगावचा,” बाबा कट्ट्यावरून ओरडले.

“कुठल्या जातीचा?”

“मास्तर हाय!”

दोन्ही पाटलांनी एकमेकांकडे न बघता माना डोलावल्या.

“अगं बाई, औंदाचा आडवा बघा!” पहिली शिवी त्यांनाच आली. “ह्याला तर बगळा बी हुसकून लावंल!”

दोन्ही काठ हसले. आणि मग सुरू झालं.

अच्युतरावांना वाटलं होतं, रूढी आहे, लुटुपुटीचं काहीतरी असेल. पण त्या आवाजांत मेलेली माणसं होती, जळलेल्या गंजी होत्या. इकडून ‘रांडमुंडे’, तिकडून ‘निपुत्रिके’. शब्द त्यांच्या डोक्यावरून सणसणत जात होते. त्यांना राहवेना. इतकी वर्षं वर्ग शांत केलेला हात आपोआप वर गेला.

“शांत व्हा! माझ्या आयांनो, शांत व्हा!”

आणि खरंच सगळ्या गप्प झाल्या.

परका म्हातारा, पांढरे केस… लाजल्या असतील. पाण्याचा तेवढा आवाज राहिला.

त्या शांततेत अच्युतरावांना गोफणीचा दोर उलगडल्याचं ऐकू आलं. मग दुसऱ्या काठावर दुसरा. बायकांना बाजूला सारून पुरुष पुढं येत होते. एकजण गोटा उचलायला वाकला.

“मास्तर!” कट्ट्यावरून बाबा कधी नव्हे ते किंचाळले. “हात खाली! हात खाली घ्या!”

त्यांनी हात खाली घेतला.

“मुडद्या, आमचं तोंड बांधाया आलास व्हय रं!” निंबळ्याच्या काठावरून कोंडाबाई नावाची एक म्हातारी तडकली.

“बघ की!” पलीकडून कुणीतरी तिची री ओढली. “वरसाचा येक दिस मिळतोय, त्यात हे मढं कुठनं उगवलं!”

मग दोन्ही काठ मिळून अच्युतरावांवर तुटून पडले. त्यांचं पिकलेलं डोकं, त्यांचा चष्मा, धोतरातून दिसणाऱ्या त्यांच्या काटक्या, काही म्हणून सुटलं नाही. मागं कुणीतरी खो खो हसलं. गोटा उचललेल्यानं तो नुसताच पाण्यात टाकला. पुरुष मागं सरले.

अच्युतराव मान खाली घालून उभे राहिले. एवढ्या शिव्या त्यांनी जन्मात खाल्ल्या नव्हत्या.

कोंडाबाईनं आता पलीकडे मोर्चा वळवला. “आन् तू गं साळे, सटवे! बाप खाटंला खिळलाय. तुझं नाव घिऊन घिऊन जीभ झिजली त्येची, आन् तू तिकडं मिरव!”

पलीकडची एक बाई पुढं आली. कडेवर तान्हं मूल. “झिजू दे! त्येला म्हणावं, लेक झाली मला! नकटी, काळी, अगदी तुझ्या वळणाची! नाव बी तुझंच ठिवलंय, जळो मेलं!”

कोंडाबाईनं पदराचा बोळा तोंडात कोंबला.

अच्युतरावांनी हळूच मान वर केली. आता त्यांना ऐकू यायला लागलं. कुणाचा दमा बळावला होता. कुणाच्या भावाचं लग्न ठरलं होतं. कुणाची आई गेल्या माघात गेली होती, आणि ते तिच्या लेकीला आत्ता, या क्षणी, ‘भवाने’ म्हणून सांगितलं जात होतं. ती लेक पलीकडं जागच्या जागी खाली बसली होती आणि तिच्या शेजारणी तिला धरून इकडं शिव्या घालत होत्या.

तेवढ्यात साळू पाण्यात उतरली.

मूल तसंच कडेवर. सरळ चालत आली. तिच्या मागं गोफण वर झाली. इकडच्या काठावरही झाली. ती अच्युतरावांपुढं येऊन थांबली आणि हलक्या आवाजात, एकही शिवी न देता म्हणाली,

“बाजूला सरा, अण्णा. आई हाय ती माझी.”

अण्णा… त्यांना या नावानं हाक मारणारं जगात एकच माणूस होतं.

आणि कट्ट्यावर फोन वाजला.

“मास्तर!” बाबांनी फोन उंच धरला. “पोराचा हाय!”

एक पाऊल. उजवीकडं एक पाऊल टाकलं असतं, तर ही आपल्या आईकडं गेली असती आणि ते आपल्या मुलाकडं.

निरंजन लहान होता तेव्हा त्यांच्या कॉलेजच्या वेळेला उंबऱ्यात आडवा पडायचा. ‘जाऊ नका, अण्णा.’ ते त्याला ओलांडून जायचे. जाताना घड्याळ बघायचे.

फोन वाजत होता. तिकडं तो कानाला फोन लावून उभा असेल. त्याचा आवाज कसा झाला असेल आता? परवा जरा घोगरा वाटला होता…

गोफणी फिरायला लागल्या होत्या.

अच्युतराव सरले नाहीत. त्यांना बोलायचं नव्हतं.  त्यांनी नुसती मान हलवली. नाही.

साळूनं त्यांच्या तोंडाकडे पाहिलं. काय दिसलं, तिलाच ठाऊक. तिनं मूल कडेवरून काढलं, त्यांच्या डोक्यावरून उंच धरलं आणि सगळा ओढा दणाणेल अशी ओरडली,

“बघ गं थेरडे! बघून घे, डोळं फुटायच्या आत!”

कोंडाबाई पाण्याच्या कडेला आली होती. “हडळीवानी दिसती!” ती हुंदके देत ओरडली. “तीट लाव की गं तिला, कैदाशिणी! दृष्ट लागंल!”

तान्हीच्या पायांवर उडालेलं पाणी अच्युतरावांच्या चष्म्यावर ठिबकत होतं. त्यांनी ते पुसलं नाही. साळूचे हात भरून येईपर्यंत ते तसेच उभे राहिले. मग ती वळली, आणि शिव्या देत देत परत गेली. गोफणी काखेत गेल्या.

फोन केव्हाच थांबला होता. बाबांनी तो कानाला लावलेला त्यांना धूसर दिसला. ऐकू काहीच आलं नाही.

ऊन उतरलं, तशा बायका पांगल्या. भांडण जिथं होतं तिथंच होतं. जाताना दोन्ही पाटलांनी एकमेकांना मिशीवर हात फिरवून दाखवला. मग ओढ्यावर कुणीच राहिलं नाही. अच्युतराव तरी उभेच होते.

“या आता,” बाबा म्हणाले.

ते कट्ट्यावर येऊन बसले. पायांखाली पाण्याचं थारोळं झालं होतं.

“परत करतो म्हणाला का?”

“लाइन मिळाली तर.”

अच्युतराव पलीकडच्या काठाकडे बघत राहिले. तिथं कुठल्यातरी घरातून धूर वर चढत होता.

“विचारलं त्यानं? राहू का येऊ?”

“न्हाई. ‘अण्णा कुठं आहेत,’ येवढंच विचारलं.”

“मग… तुम्ही काय सांगितलंत?”

बाबांनी फोन सदऱ्याला पुसून त्यांच्या ओल्या हातात ठेवला.

“दिसलं ते सांगितलं, मास्तर. वडील मध्ये उभे हायेत. आत्ता त्येंना येता येत न्हाई.”