दहा दिवसांचा दिवा

घरोघर आपल्याच घासलेटवर दिवे लागावेत म्हणून त्रिंबकशेठ रायमोकरांनी पंचक्रोशीतला एकूण एक तेलघाणा विकत घेऊन बंद पाडला. उतारवयात मात्र त्यांना दानाचं वेड लागलं. शाळा झाली, दवाखाना झाला, दोन्हींच्या दारावर शेठचं भलंमोठं नाव झालं.

दवाखान्याला वर्ष झालं त्या समारंभात शेठ गरजले, "या गावाला मी काय दिलं नाही? एक तरी गोष्ट सांगा!"

मागून सोनाई उठली. तिचा नवरा, गावातला शेवटचा घाणेवाला, आठवड्यापूर्वीच गेला होता.

"शेठ, माणूस गेला की घरात दहा दिवस तिळाच्या तेलाचा दिवा ठेवतात. जन्मभर तेल गाळलेल्या माझ्या माणसाच्या दिव्याला वाटीभर तेल मिळालं नाही."

"एवढंच ना? घासलेटचा डबा घरी पोचेल."

"तुमच्या आई गेल्या तेव्हाही तुमची घासलेटची वखार होतीच की. मग वाटी घेऊन, अनवाणी, आमच्या दारात का आला होतात? भरल्या ताटावरून उठून माझ्या माणसानं घाणा जुंपला होता."

शेठ खुर्चीत बसले. पुटपुटले, "उद्याच घाणा सुरू करतो."

"करा की. पण चालवणारा गेला, शेठ," डोळे पुसत सोनाई म्हणाली. "आता तुमच्या वेळी वाटी घेऊन कुणाच्या दारात जायचं, तेवढं मुलांना सांगून ठेवा."