मागं कोणी नसताना

“...आणि साईड दिलीच पाहिजे, असं कुठं आहे, उस्ताद? नियम तुम्हीच सांगितला होता ना सकाळी?” मृण्मयीनं विचारलं.

दस्तगीर उस्ताद ट्रॅकच्या कठड्यावर बसून होते. हातातला चहा केव्हाच निवला होता. त्यांनी तो प्यायला नव्हता, आणि खालीही ठेवला नव्हता.

“पुढच्यानं हात दाखवला, तर मागच्यानं पुढं जायचं. नाही दाखवला, तर मागं थांबायचं. तुमचेच शब्द. मी नाही दाखवला. त्यानं थांबायला हवं होतं. एवढंच आहे.”

“हं.”

“मग आप्पांना तसं सांगाल?”

उस्ताद समोरच्या वळणाकडं बघत राहिले. वळणावरची भिंत पाण्यानं धुतली होती. धुतलेला तुकडा बाकीच्या भिंतीपेक्षा काळा दिसत होता...

मृण्मयी सरनोबत मूळची कोल्हापूरची, आता नोकरीला पुण्यात. लाल गाडी तिची स्वतःची. वेगाच्या गाड्यांचं वेड असलेली आठ-दहा मंडळी दर महिन्याला माळावरच्या या ट्रॅकवर जमायची, आणि दस्तगीर उस्ताद त्यांना शिकवायचे. उस्तादांचं उभं आयुष्य शर्यतींत गेलेलं. ते पाळीपाळीनं एकेकाच्या शेजारी, डाव्या सीटवर बसायचे. बोलणं बेताचंच. ‘ब्रेक.’ ‘थांब.’ ‘आता.’ एवढ्या तीन शब्दांवर माणूस घडवायचे, असं लोक म्हणत.

त्या सकाळी ते मृण्मयीच्या शेजारी होते. मागं प्रीतम मगदूमची पिवळी गाडी होती.

प्रीतम इचलकरंजीचा. वडील, आदगोंडा मगदूम, ट्रकवाले. सगळे त्यांना आप्पा म्हणत. सकाळी सातला प्रीतमनं गाडीच्या बॉनेटवर डबा उघडला होता. आईच्या हातच्या दशम्या, लसणाची चटणी.

“मृण्मयीताई, आज तरी साईड द्या,” तो म्हणाला होता. “गेल्या महिन्यात तुमची नंबरप्लेट तोंडपाठ झाली माझी.”

“पाठ झाली ना? मग आज परीक्षा दे.”

“आणि नापास झालो तर?”

“तर मागच्या बाकावर बस. सवय आहेच तुला.”

सगळे हसले. प्रीतम सगळ्यात मोठ्यानं हसला, आणि चटणीचा मोठा गोळा त्यानं तिच्याच दशमीवर ठेवला.

सरळ रस्ता संपतो तिथं वळण आहे. त्या वळणावर त्यानं मृण्मयीच्या बाहेरच्या अंगानं पुढं जायला गाडी घातली. चाकं मातीत गेली.

मग आवाज.

दुपारच्या आत दवाखान्यातून फोन आला, प्रीतम गेल्याचा. पोलीस आले, टेप लावून मोजलं, लिहून घेतलं, गेले. लाल गाडीला ओरखडासुद्धा नव्हता. हे एका हवालदारानं दोनदा म्हटलं. कौतुकानं म्हटलं, की कसं, ते मृण्मयीला कळलं नाही.

बाकीची मंडळी शेडमध्ये बसली होती. त्यांतला बिपिन शहा उठून कठड्यापाशी आला.

“आप्पा निघालेत,” तो म्हणाला. “दवाखान्यातून थेट इकडं. जागा बघायचीय म्हणाले.”

“आणखी काय म्हणाले?”

बिपिननं उस्तादांकडं बघितलं, मग तिच्याकडं. “विचारत होते, त्याच्या पुढं कोणाची गाडी होती.”

“तू काय सांगितलंस?”

“मी काय सांगणार? म्हटलं, उस्ताद आहेत तिथं. त्यांना विचारा.”

तो परत गेला. शेडमध्ये कोणीतरी हळू आवाजात काही विचारलं, आणि सगळ्यांनी कठड्याकडं बघितलं.

मृण्मयीनं आवाज ताठच ठेवला.

“उस्ताद, तुम्ही शेजारी होतात. तुमच्याशिवाय दुसरा साक्षीदार नाही. माझी लाईन चुकली होती का?”

“नाही.”

“वेग जास्त होता?”

“नाही.”

“मी त्याच्या आडवी गेले?”

“नाही.”

“मग झालं तर. तेवढंच सांगा आप्पांना. ते माझं नाव घेतील, उस्ताद. सगळीकडं घेतील. हिच्यामुळं पोरगा गेला म्हणतील. ते मला... ते मला नाही सोसायचं.”

उस्तादांनी चहा मातीत ओतला. कप कठड्यावर उपडा ठेवला.

“गाडी काढ,” ते म्हणाले.

“आत्ता?”

“आत्ता.”

“ट्रॅक बंद केलाय.”

“मी उघडतो.”

तिला नको म्हणायचं होतं. पण उस्ताद ट्रॅकवरची आडवी दोरी सोडून डाव्या सीटवर जाऊन बसलेसुद्धा होते. पट्टाही लावला होता त्यांनी. सकाळी लावला होता तसाच, खांद्यापाशी एकदा ओढून बघत.

ती बसली. क्लच लवकर सुटला, आणि गाडी एका आचक्यानं बंद पडली. तीन वर्षांत तिची गाडी अशी बंद पडली नव्हती.

“सावकाश,” उस्ताद म्हणाले. “आज वेळ मोजणारं कोणी नाही.”

पहिला फेरा असाच गेला. दुसऱ्या गिअरात. काचा खाली होत्या. ट्रॅकवर त्या खालीच ठेवायच्या असतात, हात काढायला. एरवी वाऱ्यात शब्द जेमतेम ऐकू येई. आज गवतातल्या टिटव्यासुद्धा ऐकू येत होत्या. वळण आलं तेव्हा मृण्मयीनं भिंतीकडं बघितलं नाही.

सरळ रस्ता लागला.

“हात काढ,” उस्ताद म्हणाले.

“काय?”

“साईड दे.”

तिनं आरशात बघितलं. लांबच लांब रिकामा डांबरी रस्ता, वरती ऊन.

“मागं कोणी नाही, उस्ताद.”

“हात काढ.”

“कोणाला देऊ साईड? कोणी नाहीये.”

“सकाळी कोणी होतं?”

रस्ता संपला. वळण आलं, गेलं...

“मी आरशात बघितलं नव्हतं,” ती बऱ्याच वेळानं म्हणाली. पोलिसांनाही तिनं हेच सांगितलं होतं. “पुढं ब्रेक कुठं मारायचा, तो खांब बघत होते. तुम्हीच म्हणता, नजर पुढं ठेव.”

उस्ताद काही बोलले नाहीत.

त्यांचा हा स्वभाव सगळ्यांना ठाऊक होता. चुकीचं वळण घेतलं की ते रागवायचे नाहीत, पुढच्या वळणापर्यंत गप्प बसायचे. तेवढ्या वेळात माणसाला आपली चूक आपोआप दिसू लागायची.

“एकदा बघितलं असेल,” ती म्हणाली.

गाडी चालत राहिली.

“त्यानं लाईट मारला होता,” ती म्हणाली. “दोनदा... मला दिसली पिवळी. सरळ रस्ता सुरू झाल्यापासून दिसत होती. आरसा भरून.”

“हं.”

“मला काय माहीत तो वळणावर घालेल? एरवी नाही घालत. एरवी हसतो आणि मागं थांबतो.”

हे बोलताना तिचा आवाज पहिल्यांदा मोडला. तिनं स्टिअरिंग घट्ट धरलं.

“तुम्हाला नाही कळायचं, उस्ताद. मी सतरा वर्षांची होते तेव्हापासून माझ्या मागं हॉर्न वाजतोय. स्कूटरवर, गाडीवर, घाटात. बाई दिसली की वाजव. आमचे काका शेजारी बसून म्हणायचे, ‘जाऊ दे गं त्याला, बाजूला घे.’ आणि मी घ्यायचे. ज्याला त्याला जाऊ देत आले. एके दिवशी ठरवलं, की आता नाही. ज्याला जायचं असेल त्यानं आपल्या हिमतीवर जावं. यात काय चुकलं माझं?”

“काही नाही.”

“मग?”

“काही नाही म्हटलं ना.”

“मग मला हे का करायला लावताय?”

दस्तगीर उस्तादांनी डोक्यावरची टोपी काढून मांडीवर ठेवली. बाजूच्या छोट्या आरशात ते बघत होते. डाव्या अंगाच्या, शिकवणाऱ्यासाठी लावलेल्या जादा आरशात.

“पिवळी मलाही दिसत होती,” ते म्हणाले.

तिचा पाय ब्रेकवर गेला. गाडी जागच्या जागी थांबली. इंजिन परत बंद पडलं.

“काय म्हणालात?”

“मलाही दिसत होती. लाईट मारला तोही दिसला.”

“मग बोलला का नाहीत? एक शब्द. ‘साईड’ म्हणाला असतात तर... मी दिली असती. तुमचं कधी मोडलंय का मी?”

“कधीच नाही.”

“मग का नाही बोललात?”

उस्तादांनी मांडीवरची टोपी उलटी केली, परत सुलटी केली.

“बघायचं होतं,” ते म्हणाले, “आपणहून देतेस का.”

टिटवी ओरडली. ओरडत ओरडत लांब गेली.

“आणि दुसरं,” ते म्हणाले. “तू देत नव्हतीस, ते मला आवडत होतं.”

मृण्मयी त्यांच्याकडं बघत राहिली. इतकी वर्षं ज्या माणसाच्या ‘हं’वर ती जिवाचं रान करत आली होती, त्याचा चेहरा तिनं इतक्या जवळून कधी बघितलाच नव्हता. ती पुढं बघायची, रस्त्याकडं. तो चेहरा म्हातारा होता. हनुवटीवरची पांढरी दाढी कापत होती.

“पोलिसांना सांगितलंत हे?”

“त्यांनी विचारलं नाही.”

“आप्पांना सांगाल?”

“गाडी काढ.”

तिनं किल्ली फिरवली. या वेळी गाडी बंद पडली नाही.

पुन्हा तोच रस्ता. पुन्हा ती भिंत. या खेपेला तिनं भिंतीकडं बघितलं. टायरचे काळे पट्टे मातीत शिरून थांबले होते. मातीत पिवळ्या रंगाचे कपचे पडले होते. मुलांच्या खेळण्याचे असावेत, तसले लहान लहान.

सरळ रस्ता लागला.

उस्ताद काही बोलले नाहीत.

मृण्मयीनं उजवा हात खिडकीबाहेर काढला. कोपरापर्यंत. पंजा उघडा, बोटं पुढं. ‘जा, इकडून जा.’ घाटात ट्रकवाले करतात तस्सं. आयुष्यात हजार वेळा तिनं दुसऱ्यांचे असे हात बघितले होते, आणि प्रत्येक वेळी मजेत पुढं निघून गेली होती. हात इतका जड असतो, हे तिला माहीत नव्हतं.

“वेग कमी कर,” उस्ताद म्हणाले. “जागा लागेल त्याला.”

तिनं पाय उचलला. गाडी चालीवर आली. माणसाच्या चालीवर.

आणि तिनं आरशात बघितलं. मागं काही नाही, हे पुरतं माहीत असून बघितलं. तिथं काही नव्हतं... ती बघतच राहिली.

शेजारी काहीतरी हललं म्हणून ती दचकली. दस्तगीर उस्तादांनी आपला डावा हात त्यांच्या खिडकीतून बाहेर काढला होता. पंजा उघडा, बोटं पुढं.

असं कोणी करत नाही. साईड एकाच बाजूनं द्यायची असते. दोन्हीकडून हात दिले तर मागच्यानं जायचं कुठून? पहिल्याच दिवशी त्यांनी असं करणाऱ्याला खाली उतरवलं असतं.

लाल गाडी दोन्ही हात पसरून रिकाम्या रस्त्यावरून सरकत राहिली.

शेडमधली मंडळी उठून उभी राहिली होती. बिपिननं कमरेवरचे हात खाली घेतले. कोणी हसलं नाही.

फाटकातून एक पांढरी जीप आत आली आणि शेडच्या अलीकडं थांबली. दार उघडलं. पांढरा शर्ट, पांढरा पायजमा, हातात टोपी. आदगोंडा मगदूम कोणाशी न बोलता कठड्यापर्यंत चालत आले आणि तिथं थांबले.

त्यांना वळणाची भिंत दाखवायला बिपिन पुढं झाला. त्यांनी तिकडं बघितलं नाही. ते ट्रॅककडं बघत होते, त्या गाडीकडं.

मृण्मयीनं त्यांना ओळखलं. प्रीतमचे खांदे अगदी असेच होते, थोडे पुढं झुकलेले.

“उस्ताद,” ती म्हणाली. “आप्पा आलेत.”

“दिसतायत.”

“बघतायत ते.”

“बघू दे.”

“त्यांना कळेल. हात बघून कळेल त्यांना, पुढं कोण होतं.”

“सगळा जन्म ट्रकवर गेला त्याचा. कळणारच.”

गाडी कठड्याच्या रेषेत येत चालली होती. अजून थोडं अंतर होतं. हात आत घेतला असता, काच वर केली असती, तर ती एक लाल गाडी होती, तिच्यात दोन माणसं होती, बस्स. नियमात सगळं बसत होतं. उस्ताद एका वाक्यात सांगू शकले असते.

खांद्यापासून तिचा हात दुखायला लागला होता. ऊन त्यावर सरळ पडत होतं. आप्पांनी टोपी दोन्ही हातांत धरली होती. ते नुसते उभे होते. त्यांच्या तोंडावर राग नव्हता. राग असता तर तिला बरं वाटलं असतं.

“उस्ताद...”

“हं.”

“हात आत घेऊ?”

दस्तगीर उस्तादांचा हात बाहेरच होता. ते आरशात बघत होते.

“घे,” ते म्हणाले. “प्रीतमची गाडी पुढं निघाली की घे.”