माळावरचा विस्तव

फार पूर्वी, काडेपेटी कुणाला ठाऊकच नव्हती तेव्हाची ही गोष्ट. नदीकाठी एक गाव होतं आणि गावाबाहेर उंच मुरमाड माळावर टोपल्या विणणाऱ्यांची वस्ती होती. गावातली सुपं, रोवळ्या, कणग्या सगळ्या या वस्तीने विणलेल्या. पण विणणाऱ्यांनी वेशीच्या आत पाऊल टाकायचं नाही, असा रिवाज होता.

विस्तव गावातून मागून आणायचा. वस्तीतल्या बायकांनी वेशीवरच्या चिंचेखाली आपलं खापर भुईवर ठेवायचं आणि मागे सरून उभं राहायचं. गावातल्या बायकांचा स्वयंपाक उरकला की कुणीतरी यायची, वरूनच दोन निखारे टाकायची. माळावर वारा फार. घर येईतो बहुतेकींच्या खापरात नुसती राख उरायची.

वस्तीत गोजरा नावाची एक लेकुरवाळी होती. तिचं लेकरू थंडीतापाने निपचित पडलं होतं. त्याला ऊन ऊन पेज हवी होती. गोजरा चिंचेखाली दुपारपर्यंत ताटकळली. विस्तव मिळाला आणि अर्ध्या वाटेत विझला. गार पाण्यात कालवलेलं पीठ लेकराने तोंडात घेतलंच नाही.

शेजारच्या म्हातारीला ती म्हणाली, "आजी, आपल्या चुलीत रात्रभर विस्तव का टिकत नाही?"

"आपल्या वाट्यालाच नाही तो. माझी सासूपण हेच सांगायची."

"वाट्याचं काय घेऊन बसलात? प्रत्येकीकडे जेमतेम एक गोवरी. तेवढ्यावर रात्र निघेल कशी? सगळ्यांच्या एकत्र केल्या तर?"

म्हातारी हसली. "विस्तव काय कोंबडी आहे, डालग्याखाली झाकून ठेवायला?"

पण गोजरा लेकराला कडेवर घेऊन झोपडी-झोपडी हिंडली. एक जण फणकाऱ्याने म्हणाली, "माझी गोवरी जाळून तुझं पोर शेकायचं होय?"

"आज माझं शेकेल, उद्या तुझं," गोजरा म्हणाली. त्या बाईने स्वतःच्या पोराकडे पाहिलं आणि गोवरी काढून दिली.

वस्तीच्या मधोमध खड्डा खणला. वारा अडवायला बांबूचा तट्टा विणून उभा केला. त्या दिवशी ज्या एकीचा निखारा जगला होता, तो गोवऱ्यांत ठेवून वरून राख पसरली. राखणीची पहिली पाळी म्हातारीनेच मागून घेतली. "मला तशीही झोप येत नाही. बघते तुझी कोंबडी कुठे पळते ते."

उजाडताच सगळ्या भोवती जमल्या. म्हातारीने काडीने राख बाजूला सारली. खाली लालबुंद.

"आहे गं," ती एवढंच म्हणाली आणि पदराने डोळे पुसू लागली.

लेकराच्या पोटात ऊन पेज गेली. चार दिवसांत ते रांगू लागलं. चिंचेखाली मग कुणी गेलंच नाही. गावातल्या बायका म्हणायच्या, "बघू, किती दिवस ताठा टिकतो."

पुढे नदीला पूर आला. पाणी गावात शिरलं, चुली चिखलात गेल्या. माळ तेवढा कोरडा राहिला. पाणी ओसरल्यावर पाटलीणबाई भिजल्या लुगड्याने माळ चढून आली. घरात तिची नातवंडं कुडकुडत होती. वस्तीच्या कडेला तिने खापर भुईवर ठेवलं आणि मागे सरून उभी राहिली. विस्तव मागायची दुसरी रीत तिने कधी पाहिलीच नव्हती.

म्हातारी पुटपुटली, "राहू दे उभी दुपारपर्यंत. कळू दे जरा."

गोजराला चिंचेखालची दुपार आठवली, आणि लेकराचं मिटलेलं तोंडही. तिने खापर उचललं आणि पाटलीणबाईचा हात धरला. "इथं विस्तव भुईवर देत नाहीत, पाटलीणबाई. आत या, शेका. मग हातात घेऊन जा."

पाटलीणबाई सगळ्यांच्या मधे बसली. हात शेकता शेकता म्हणाली, "गोजराबाई, उद्या माझी गोवरी घेऊन येते. पाळीत मलाही घ्या."

गोजराला 'बाई' म्हणणारी गावातली ती पहिलीच.

म्हातारी म्हणाली, "घेऊ की. पण जागावं लागतं हो."

तेव्हापासून त्या गावात विस्तव हातोहातच दिला जातो, आणि विणणारे टोपल्या घेऊन थेट घरात जातात. चिंचेखाली मग फक्त पोरं खेळू लागली. त्यांत गोजराचंही असायचं.

तात्पर्य: एकटा निखारा राख होतो, सगळ्यांनी मिळून राखला तर वस्ती उभी राहते, आणि ज्याने कधी ताटकळत वाट पाहिली, त्याने दुसऱ्याला दाराबाहेर उभं करू नये.