रेडा नदीत बसला तेव्हा

ही गोष्ट शपथेवर खरी आहे. मी डोळ्यांनी पाहिली आहे. तेव्हा माझ्या पणजोबांचाही जन्म व्हायचा होता, तो भाग वेगळा.

नदीत एक जुना उंबर आडवा पडला होता. गावाला नदी साफ ठेवायची भारी हौस. पडलेलं प्रत्येक झाड गावकरी ओढून काढत. आडोसा नसल्याने पाणी सुसाट धावे आणि माशांची अंडी वाहून जात. गावातल्या रखमाजीने उंबराला दोर बांधून रेडा जुंपला, तशी उरलीसुरली एकटी खडशी मासळी वर आली.

"रेडेभाऊ, उंबर गेला की माझी अंडीही गेली. राहू दे त्याला. त्याच्यामागे डोह होईल, तुलाही डुंबायला."

"किती खोल?"

"शिंगं तेवढी वर राहतील."

रेडा तिथेच बसला.

"ऊठ की रे मेल्या," रखमाजी ओरडला. निम्मं गाव शेपटीला लागलं, निम्मं दोराला. दोर तुटला, पण रेडा हलला नाही.

उंबर राहिला. पुढच्या उन्हाळ्यात त्याच्यामागच्या डोहात खडशीची पिलावळ चमकत होती आणि मधोमध रेडा राजासारखा डुंबत होता.

आता कबूल करतो. मासळी बोलली, यात तिळभर खोटं नाही. रेड्याने तिचं ऐकलं, एवढंच मी रचलं. रेडा कधी कुणाचं ऐकतो का? तो आपणहूनच बसला होता.