कोपऱ्यातला पाय

"हा पाय कोणाचा?"

गुरुजींनी एवढंच विचारलं. त्यांचं बोट त्या फ्लेक्सच्या वरच्या कोपऱ्यावर होतं.

हर्षदने मान वाकडी करून पाहिलं. मीही बाकावरून पुढे वाकलो. कोपऱ्यात खरंच एक तळपाय होता. घोट्यापासून पुढचा, बोटं वर केलेला. बाकीचा माणूस कापला गेला होता.

"असेल कोणाचा तरी," हर्षद म्हणाला. "फ्लेक्सवाल्याकडून कापायचा राहिला. कापून घेतो."



 मी मात्र तो पाय ओळखला होता.

आता ही माणसं कोण ते सांगतो, नाहीतर तुम्ही म्हणाल, म्हातारा मधल्याच थांब्यावर चढवतो आणि गाडी कुठली ते सांगत नाही. मी एसटीत बत्तीस वर्षं कंडक्टर होतो. लोक मला नाना म्हणतात. रोज दुपारी गावच्या व्यायामशाळेत येऊन बसतो. व्यायाम नावाला नाही, गुडघे कधीच संपले.

गुरुजी म्हणजे विसूभाऊ कोपर्डेकर. वय बहात्तर. मल्लखांब शिकवण्यात उभा जन्म गेला. आणि हर्षद मुळूक हा त्यांचा सगळ्यात नावाजलेला चेला. एके काळी राज्यात पहिला आलेला. मग पुण्याला गेला, कुठल्याशा जिममध्ये लोकांचे व्यायाम करून घेऊ लागला, आणि आता गावात परत येऊन स्वतःची अकॅडमी काढतोय.

रविवारी उद्घाटन. क्रिकेट, स्केटिंग, मल्लखांब, सगळं एका छताखाली. रिक्षावर भोंगा लावून गावभर फिरवून झाला. पेपरात पत्रकं टाकून झाली. माझ्या घरी तर दोन आली, एक पेपरातून आणि एक दाराच्या फटीतून. गुडघे नसलेल्या माणसाला स्केटिंगचं आमंत्रण. असो.

तो फ्लेक्स त्याने लाकडी चौकटीवर ठोकून आणला होता. उजवीकडे हर्षदचा जुना फोटो, गळ्यात मेडल, चेहऱ्यावर हसू मावत नाही. डावीकडे गुरुजी, आशीर्वादाला हात वर केलेले. तो हात म्हणे कॉम्प्युटरवर वर करून घेतला होता. घ्यावाच लागला असणार. गुरुजींनी आयुष्यात कोणाला तसा हात दाखवला नाही. आशीर्वाद मागायला गेलं की म्हणायचे, खांबाला तेल लाव.

खाली ठळक अक्षरांत ओळ होती: तुमचं मूल, आमची जबाबदारी.

गुरुजींनी ती ओळ बोटाने वाचली. दुसरीतली पोरं वाचतात तशी, शब्द शब्द.

हर्षद त्याचं म्हणणं मांडत होता. फोटो वापरायला परवानगी हवी होती. मोबाइलवर दोन वाक्यं बोलून हवी होती, मुलांना निर्धास्त पाठवा, असं काहीतरी. आणि रविवारी नारळ फोडताना शेजारी उभं राहायला हवं होतं. दहा मिनिटं फक्त, म्हणाला.

पोरगा वाईट नाही. हे मी मुद्दाम सांगतो, कारण पुढचं ऐकून तुम्हाला वाटेल. त्याचे डोळे खोल गेले होते. चार दिवस झोपला नसावा.

"प्रवेश किती झाले?" मी विचारलं.

चार, म्हणाला. त्यातली दोन त्याच्या बहिणीची. आईबाप येतात, गाद्या बघतात, जाळ्या बघतात, सगळं आवडतं त्यांना. आणि जाता जाता एकच प्रश्न विचारतात. इथे विसूभाऊ आहेत का?

"आणि तू काय सांगतोस?" गुरुजींनी विचारलं.

हर्षदने खाली पाहिलं.

"आहेत म्हणून सांगतो."

...

आता इथली एक रीत सांगितली पाहिजे. दुसऱ्या कुठल्या शाळेत असेल-नसेल, आमच्याकडे आहे. चढणारा खांबाला हात लावून नमस्कार करतो आणि थांबतो. खाली एकजण उभा असतो, पडलाच तर झेलायला. तो दोन्ही हात पुढे करतो, वर बघतो आणि म्हणतो, "आहे."

ते ऐकू आल्याशिवाय कोणी चढत नाही. चढणाऱ्याने विचारायचं नाही, खालच्याने विसरायचं नाही. आणि एकदा आहे म्हटलं की वरचा जमिनीवर येईपर्यंत नजर काढायची नाही, कानाशी गांधीलमाशी घोंगावली तरी. इथली पोरं घरी माळ्यावर चढतानासुद्धा आईकडून आहे म्हणवून घेत. बायका हसायच्या, पण म्हणायच्या.

आणि म्हणूनच गावातले आईबाप तो प्रश्न विचारतात.

अकरा वर्षांपूर्वीची गोष्ट. हर्षद मेडल घेऊन आला आणि दुसऱ्या दिवशी पेपरचा फोटोवाला आला. फोटोत मागे कोणीतरी खांबावर हवं, म्हणाला, नुसता पोरगा उभा बरा दिसत नाही. निवास पुढे झाला. निवास गवंडी. हर्षदच्याच वयाचा, त्याच्याइतकाच तयारीचा, फक्त त्या वर्षी स्पर्धेला जायला मिळालं नव्हतं. मित्राच्या फोटोत मागे असायलाही हौसेने तयार झाला. असं मन कमी जणांना मिळतं.

गुरुजी पाहुण्यासाठी चहा सांगायला समोरच्या टपरीवर गेले होते.

खाली हर्षद उभा राहिला. आहे म्हणाला. मी ऐकलं. निवास वर गेला, खांबाच्या टोकावरच्या गोल बोंडावर हात टेकून पाय वर केले. आणि फोटोवाला म्हणाला, हर्षद, इकडे बघ.

दुसऱ्या दिवशी पेपरात हर्षदचा फोटो होता, आता फ्लेक्सवर लावलाय तोच, आणि त्याखाली निवासची बातमी.

निवास वाचला. पण मानेखालचं सगळं गेलं. तेव्हापासून तो नदीकाठच्या पत्र्याच्या घरात पडून आहे. लोकांनी विचारलं, खाली कोण होतं? गुरुजी म्हणाले, मी असायला हवं होतं, मी नव्हतो. पुन्हा विचारलं, पुन्हा तेच. तिसऱ्यांदा कोणी विचारलं नाही. हर्षदचं नाव कुठे आलं नाही. मी बघितलं होतं, मीही तोंड उघडलं नाही. का, ते मला आजही नीट सांगता येत नाही. भ्यालो असेन.

तेव्हापासून गुरुजी रोज चार वाजता निवासकडे जातात. एका कुशीवर पडून राहिलं की अंगाला जखमा होतात, म्हणून त्याची कूस बदलायची असते. दिवसभर शेजारपाजारचे येऊन-जाऊन हात लावतात, चारची वेळ गुरुजींची. खांद्याकडून ते धरतात, पायाकडून त्याची आई. अकरा वर्षांत एक दुपार चुकली नाही, दिवाळी नाही, बायको गेली तो दिवससुद्धा नाही. गेल्या आठवड्यात म्हातारीचं मनगट मोडलं. आता गुरुजी एकटेच वळवतात त्याला. मी एकदा गेलो होतो मदतीला. निवासने डोळे उघडून माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाला, नाना, बसा. मी परत गेलो नाही. लाज वाटते सांगायला, पण नाही गेलो.

हर्षद तर एकदाही गेला नव्हता.

...

गुरुजी उठले. चौकट दोन्ही हातांनी उचलली. हर्षदला वाटलं, झालं काम. चेहरा उजळला त्याचा. मोबाइल काढून त्याने कॅमेरा सुरूसुद्धा केला.

गुरुजींनी ती चौकट नेऊन खांबाच्या बुडाशी, गादीवर टेकवून उभी केली. मग येऊन माझ्या शेजारी बाकावर बसले.

"चढ," म्हणाले.

हर्षद हसला. "आत्ता? गुरुजी, किती वर्षं झाली..."

"चढ."

गुरुजींनी चढ म्हटल्यावर नाही म्हणायची इथे कोणाची टाप नाही. त्याने मोबाइल खिडकीत ठेवला, बूट काढले, मोजे काढले. तळहातांना भुकटी चोळली. खांबाशी गेला, हात लावून नमस्कार केला.

आणि थांबला.

मी त्याच्या पाठीकडे बघत होतो. खांदे वर आलेले, हात खांबावर. इतकी वर्षं बाहेर राहिला, पण अंगात भिनलेली रीत कुठे जाते. तो वाट बघत होता.

गुरुजी बसून होते.

भिंतीवरच्या घड्याळाची टिकटिक ऐकू येत होती. खांबाला लावलेल्या एरंडेलाचा वास सगळीकडे भरून होता. मला वाटत होतं, म्हणा हो गुरुजी, म्हणून टाका एकदाचं. 

"गुरुजी..." हर्षद न वळता म्हणाला.

"हं."

"तुम्ही म्हणा ना."

"मी आहे की तिथे," गुरुजी म्हणाले. "खाली. हात वर करून उभा आहे."

हर्षदने खाली पाहिलं. त्याच्या पायांशी गुरुजी हात उंचावून उभे होते, कागदाचे. शेजारी तो स्वतः, मेडल घालून, समोर बघत हसणारा. आणि कोपऱ्यात तो पाय.

या वेळी त्याने ओळखला. मला त्याच्या मानेवरून कळलं. मान हळूहळू खाली गेली आणि कपाळ खांबाला टेकलं.



"फोटोवाल्याने नावाने हाक मारली," हर्षद म्हणाला. आवाज इतका बारीक की मला नीट ऐकू आला नाही, नंतर जुळवला. "मी वळलो. एकदाच वळलो, गुरुजी. एवढंच."

"एवढंच," गुरुजी म्हणाले.

त्यात राग नव्हता. मी खूप शोधला. राग असता तर बरं झालं असतं, रागावर काही बोलता तरी येतं.

"तुम्ही कोणाला सांगितलं का नाही?"

 गुरुजींनी कोनाड्यातून निवासच्या अंगाला लावायच्या पावडरचा डबा घेतला, धुतलेला पंचा खांद्यावर टाकला. ही त्यांची निघायची तयारी. घड्याळात चाराला पाच कमी होते. नदीपर्यंत चालत पाचच मिनिटं लागतात, पण हल्ली त्यांना आठ लागतात.

हर्षद खांबाला धरूनच उभा होता. एरंडेल त्याच्या कपाळाला लागलं होतं. नवाकोरा ट्रॅकसूट, छातीवर अकॅडमीचं नाव शिवलेलं, आणि डोळे गळत होते. मी आयुष्यात हजारो माणसं गाडीतून उतरताना पाहिली, पण उतरायचं कुठे हे विसरलेला माणूस असा त्या दिवशीच पाहिला.

"लोक विचारणार, गुरुजी," तो म्हणाला. "रविवारी सगळे विचारणार. मी काय सांगू? तुमचं नाव नसेल तर एक मूल येणार नाही. मग परत पुण्याला जायचं, दुसऱ्याच्या जिममधले आरसे पुसत बसायचं. तुम्ही सांगाल तर तेही करतो. पण सांगा काहीतरी. फोटो ठेवू की काढू?"

खरं सांगतो, मलाही ऐकायचं होतं ते. ठेव म्हणाले असते तरी चाललं असतं, काढ म्हणाले असते तरी. दोन्हीत माणूस सुटतो.

गुरुजींनी दारात बसून चपला घातल्या. डाव्या चपलेचा अंगठा तुटला होता, तो सुतळीने बांधलेला, त्यात बोट घालायला त्यांना वेळ लागला. हर्षद तिथूनच बघत राहिला. मी माझ्या गुडघ्यांकडे बघत राहिलो.

मग ते भिंतीला धरून उठले. फ्लेक्सकडे पाहिलं नाही. हर्षदकडे पाहिलं.

"चार वाजले," गुरुजी म्हणाले. "खांद्याकडून मी धरतो... पायाकडे कोण आहे?"